क्वीनच्या चाहत्यांत नवे असाल तर: कपाट, कॉफी मशीन आणि फ्राइड चिकन

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची दहा-बारा गाणी तोंडपाठ असलेला माणूसही त्याच्या चाहत्यांच्या गप्पांत शिरला की पहिल्याच दिवशी गांगरतो. जुन्या मोटारीचं चित्र दिसलं की कुणीतरी विचारतं, ‘कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?’ कुणी काही कारण नसताना ‘फ्राइड चिकन’ एवढंच लिहून जातं. चीज टोस्टचा फोटो येतो आणि त्याखाली लोक भावुक होतात. गाणी तर आपल्यालाही येतात, मग आपण नेमके कुठे कमी पडतोय?

कमी पडतोय ते माणसांच्या ओळखीत. हे विनोद गाण्यांवर थोडे आणि चार माणसांवर जास्त बेतलेले आहेत. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन. चौघांचे स्वभाव चार दिशांचे, चौघांनीही गाजलेली गाणी लिहिली, आणि स्वतःची टर उडवण्यात चौघेही पुढे. चाहते आज जे करतात त्यातलं बरंचसं या चौघांनीच सुरू केलेलं आहे. म्हणून मीम पाठ करत बसू नका. मीममागचा किस्सा धरा, हसू आपोआप येतं.

पायरी पहिली: चौघांना वेगवेगळं ओळखा

नवखे लोक फ्रेडीपाशीच थांबतात. साहजिक आहे, पण विनोदांचा अर्धा साठा बाकीच्या तिघांकडे आहे.

ब्रायन मे म्हणजे गिटार, डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल, पायात लाकडी तळव्यांच्या खडावांसारख्या चपला आणि नावापुढे डॉक्टर. हा डॉक्टर खगोलशास्त्रातला, सूर्यमालेतल्या धुळीवरचा. रॉजर टेलर म्हणजे ड्रम्स, सोनेरी केस, नाजूक चेहरा, भडक डोकं आणि आकाशाला भिडणारा आवाज. जॉन डीकन बास वाजवायचा, सर्वांत लहान, सर्वांत गप्प, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सवाला. चाहते त्याला लाडाने ‘डीकी’ म्हणतात. आणि फ्रेडी म्हणजे फ्रेडी: बँडचा गायक, दांडा अर्धाच असलेला माइक, मिशी, मांजरं.

तो अर्धा दांडा हाही एक किस्सा आहे. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात माइकचा स्टँड मधोमध मोडला. फ्रेडीने दुसरा मागवला नाही, हातात उरलेला तुकडाच नाचवत गायला आणि मग आयुष्यभर तसाच वापरला. त्यामुळे घरात झाडूचा दांडा मोडला की त्याचा फोटो कुठे टाकायचा हे क्वीनच्या चाहत्याला सांगावं लागत नाही.

शिक्षणावरूनही बरंच चालतं. रॉजर लंडनला दंतवैद्यकी शिकायला गेला होता, पुढे ती सोडून जीवशास्त्राकडे वळला. एक दातांचा अर्धवट डॉक्टर, एक धुळीचा डॉक्टर, एक रेडिओ दुरुस्त करू शकेल असा इंजिनिअर आणि फ्रेडीकडे कलाशाखेची पदविका. ‘बँड चालला नसता तरी तिघांचं पोट भरलं असतं, चौथ्याने मात्र राजवाडाच मागितला असता,’ या धर्तीचे विनोद तुम्हाला रोज दिसतील.

पायरी दुसरी: गाडी, कपाट आणि कॉफी मशीन

हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत जुना विनोद आहे, म्हणून इथे जरा थांबू.

१९७५ मध्ये ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ हा अल्बम आला. त्यात रॉजरचं एक गाणं आहे, ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’. नावातच सगळं आलं: गाडीवर प्रेम, अगदी मनापासून, जराही न लाजता. गाणं बँडसोबत काम करणाऱ्या एका रोडीला अर्पण केलेलं आहे, कारण त्याचा आपल्या ट्रायम्फ गाडीवर जीव होता. शेवटी इंजिनाचा जो आवाज ऐकू येतो तो रॉजरच्या स्वतःच्या अल्फा रोमिओचा.

गाणं इथवर असतं तर किरकोळ गंमत म्हणून विसरलं गेलं असतं. पण त्याच अल्बममधलं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ रेकॉर्डच्या एका बाजूला निघालं, आणि दुसऱ्या बाजूला कोणतं गाणं घालायचं हा प्रश्न आला. रॉजरला आपलंच हवं होतं. किस्सा असा सांगतात की फ्रेडी ‘हो’ म्हणेपर्यंत तो कपाटात जाऊन आतून बंद करून बसला. शेवटी फ्रेडी ‘हो’ म्हणाला.

आता यातली खरी मेख पैशांची. त्या काळी रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंच्या गीतकारांना विक्रीवर सारखाच वाटा मिळायचा. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि ते विकत घेणारा प्रत्येक माणूस नकळत रॉजरच्या गाडीच्या गाण्याचेही पैसे मोजत होता. फ्रेडीने ऑपेरा रचला, रॉजरने कपाटात बसून तेवढंच कमावलं. बँडमध्ये यावरून धुसफूस झाली, ती बरीच वर्षं चालली. शेवटी १९८९ च्या ‘द मिरॅकल’ अल्बमपासून सगळी गाणी चौघांच्या नावावर लागू लागली. माझ्या मते क्वीनच्या चाहत्यांचा हा सर्वोत्तम विनोद आहे, कारण तो वरून बालिश आणि आतून हिशेबी आहे.

कॉफी मशीन मात्र नंतरचं. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ या चित्रपटात रॉजरच्या गाडीच्या गाण्यावरून भांडण होतं. बाकीचे रॉजरच्या ओळींची खिल्ली उडवतात, तो हाताला येईल ते फेकायला लागतो आणि शेवटी कॉफी मशीन उचलतो. ते मात्र नको, म्हणून सगळे ओरडतात. तेव्हापासून कपाट हा जुन्या चाहत्यांचा विनोद आणि कॉफी मशीन हा नव्यांचा. कोण कधी आलं हे यावरून ओळखता येतं. दोन्ही वापरा, पण एक ध्यानात ठेवा: कपाटाचा किस्सा बँडच्या इतिहासातला आहे, कॉफी मशीन पटकथेतलं. ‘रॉजरने खरंच मशीन फेकलं होतं’ असं लिहिलंत की कुणीतरी नक्की दुरुस्ती करायला येणार.

चित्रपटाचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी. एका बागेतल्या टेबलाभोवतीचा छोटा प्रसंग इतक्या वेळा कापला आहे की तो तुकडा स्वतंत्रपणे मीम बनला, आणि नेमका संकलनाचाच ऑस्कर त्या चित्रपटाला मिळाला. दुसरं, ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ ऐकून ‘हे गाणं गाडीत मोठ्याने लावून कुणी डोकं हलवणार नाही’ असं छातीठोक सांगणारा रेकॉर्ड कंपनीचा साहेब. ती भूमिका माइक मायर्सने केली आहे. याच मायर्सने १९९२ च्या ‘वेन्स वर्ल्ड’मध्ये मित्रांसोबत गाडीत हेच गाणं लावून डोकं हलवलं होतं, आणि त्या प्रसंगामुळे हे गाणं अमेरिकेत पुन्हा गाजलं. थिएटरात जो या वाक्याला हसला तो जुना चाहता, हे समजायला दुसरा पुरावा लागत नाही.

पायरी तिसरी: साखळी तोडायची नाही

कुणी ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ची पहिली ओळ लिहिली की पुढच्याने दुसरी लिहायची, त्याच्या पुढच्याने तिसरी. एकाने एकच ओळ. मधल्या ऑपेराच्या भागात दोन गट पडतात, एक ‘सोडा’ म्हणणाऱ्यांचा आणि दुसरा ‘सोडणार नाही’ म्हणणाऱ्यांचा, आणि ‘बिस्मिल्ला’ कुणी लिहायचं यावर चढाओढ लागते. मध्येच घुसून ‘छान गाणं आहे’ असं लिहिणाऱ्याला माफी नसते.

त्याच भागात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ‘गॅलिलिओ’ या हाकेच्या वेळी सावध राहा. सर्वांत उंच ‘गॅलिलिओ’ रॉजरचा आहे, फ्रेडीचा नाही. पुष्कळांना तो एखाद्या बाईचा आवाज वाटतो. स्टुडिओत आवाजांवर आवाज चढवताना फ्रेडी सारखा आणखी ‘गॅलिलिओ’ घेऊन यायचा, असं निर्माते रॉय थॉमस बेकर सांगत. टेपवर इतके थर चढले की ती झिजून पारदर्शक व्हायला लागली होती. ‘आणखी एक गॅलिलिओ’ हा वाक्प्रचार म्हणूनच कुठेही चालतो: बॉसने चौथ्यांदा बदल सुचवले, ‘आणखी एक गॅलिलिओ’.

आणि गाण्याचा अर्थ विचारू नका. फ्रेडीने तो शेवटपर्यंत सांगितला नाही. दर महिन्याला कुणीतरी नवा उलगडा घेऊन येतं आणि बाकीचे त्याला प्रेमाने वाटेला लावतात.

पायरी चौथी: डॉक्टरसाहेब

ब्रायनवरचे विनोद तीन गोष्टींभोवती फिरतात: गिटार, पीएचडी आणि बॅजर.

गिटारचं नाव ‘रेड स्पेशल’. १९६३ मध्ये विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून ब्रायन आणि त्याच्या वडिलांनी ती घरीच बनवायला घेतली. गळा एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरला. त्या लाकडाला किडीने पाडलेली भोकं त्यांनी काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा मोटारसायकलच्या, खुणेचे ठिपके मोत्याच्या बटणांचे, आणि कंप आणणाऱ्या दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. त्यावर हा माणूस प्लास्टिकच्या चकतीऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने तारा छेडतो. १९७१ मध्ये ब्रिटनने चलन बदललं, पुढे हे नाणं बाद झालं, पण ब्रायनसाठी ते कधीच बाद झालं नाही. १९९३ च्या त्याच्या दौऱ्यासाठी रॉयल मिंट या ब्रिटनच्या टांकसाळीने खास सहा पेन्सची नाणी पाडली. ‘शेकोटी गेली, आईची सुई गेली, आता मोटारसायकल सांभाळा’ हा त्याच्या वडिलांच्या तोंडी घातलेला विनोद चाहत्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात फिरत असतो.

पीएचडीचा विनोद विद्यार्थ्यांना विशेष प्रिय आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन सूर्यमालेतल्या धुळीवर संशोधन करत होता. मध्येच क्वीन गाजली, प्रबंध बाजूला पडला. तो पूर्ण केला २००७ मध्ये, तीन दशकांहून जास्त काळ उलटल्यावर. त्यामुळे कुणी ‘माझा प्रबंध रखडलाय’ म्हणालं की उत्तर ठरलेलं: ‘ब्रायनला विचार.’ आपल्याकडच्या मुदतवाढ मागणाऱ्या संशोधकांनी हे मीम गाइडला पाठवू नये, तो क्वीनचा चाहता असेलच असं नाही.

त्याच्याच ‘थर्टी-नाइन’ या गाण्याबद्दल सांगायला हवं. ऐकायला साधं लोकगीत वाटतं, टाळ्या वाजवत म्हणावं असं. प्रत्यक्षात ते सापेक्षतावादावर आहे: अंतराळात गेलेले प्रवासी वर्षभराने परततात, तर पृथ्वीवर शंभर वर्षं गेलेली असतात. नवखे लोक त्याला समुद्रावरच्या खलाशांचं गाणं समजतात आणि जुने लोक त्यांना काही वेळ तसंच समजू देतात.

बॅजर हा इंग्लंडातला बिळात राहणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा प्राणी. गुरांमध्ये क्षयरोग पसरवतो म्हणून तिथे सरकारने त्याला मारण्याची मोहीम काढली आणि ब्रायन त्याविरुद्ध उभा राहिला. हे तो मनापासून करतो, आणि चाहत्यांना त्याचं कौतुकही आहे, पण सभ्य गृहस्थ एकदम बॅजरच्या बाजूने भांडायला उठतो या चित्राची गंमत काही कमी होत नाही. २०१३ मध्ये तर त्याने इंटरनेटवरच्या प्रसिद्ध ‘बॅजर बॅजर’ अ‍ॅनिमेशनच्या निर्मात्यासोबत आणि धिप्पाड आवाजाचे नट ब्रायन ब्लेस्ड यांच्यासोबत बॅजरवर गाणंच काढलं. ज्याच्यावर मीम होतं त्यानेच मीममध्ये गिटार वाजवली.

ब्लेस्डवरून आठवलं, ते १९८० च्या ‘फ्लॅश गॉर्डन’ चित्रपटात होते आणि त्याचं संगीत क्वीनचं. फोटो काढताना कुणी ‘फ्लॅश’ म्हणालं तर शेजारच्याने ‘आऽ-आऽ’ म्हणायचं. न म्हणणं उद्धटपणा समजला जातो.

पायरी पाचवी: डीकी, चीज टोस्ट आणि गप्प बसण्याची कला

जॉन डीकनबद्दलचे विनोद मायेचे आहेत. १९७३ च्या पहिल्या अल्बमवर त्याचं नावच उलटं छापलं गेलं: ‘डीकन जॉन’. पुढच्या अल्बमवर त्याने ते सरळ करून घेतलं. चाहते अधूनमधून अजून उलटंच लिहितात.

चीज टोस्ट त्याच्या आवडीचा, एवढ्या एका गोष्टीवर अख्खी परंपरा उभी आहे. अमुक एका मैफलीत तो बास वाजवताना नक्की काय विचार करत असेल? चीज टोस्टचा. बँड भांडत असताना तो कुठे असतो? स्वयंपाकघरात. मैफलीतल्या त्याच्या आखूड चड्ड्या हाही स्वतंत्र अभ्यासविषय आहे. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधल्या १९८६ च्या मैफलीची चित्रफीत बघितलीत की कळेल.

पण डीकी नुसता गोंडस नाही, आणि चांगले विनोद हे विसरत नाहीत. कचऱ्याच्या डब्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून त्याने एक लहानसा अ‍ॅम्प्लिफायर बनवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. ब्रायनने रेकॉर्डिंगमध्ये तो वर्षानुवर्षं वापरला. म्हणजे जगप्रसिद्ध आवाजाच्या एका टोकाला मोडकी शेकोटी आणि दुसऱ्या टोकाला कचरा. ‘थर्टी-नाइन’साठी ब्रायनने थट्टेत त्याला विचारलं, डबल बास (माणसाएवढं उंच, उभं धरायचं तंतुवाद्य) वाजवशील का? डीकनने ते गंभीरपणे घेतलं आणि थोड्याच दिवसांत वाजवून दाखवलं.

आणि मग ‘अंडर प्रेशर’. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीसोबत हे गाणं बनलं. बासची ती सुप्रसिद्ध तान डीकनला सुचली, सगळे पिझ्झा खायला गेले, परत आले आणि तो ती साफ विसरला होता, असं बाकीचे सांगतात. म्हणून पिझ्झा दिसला की ‘तान लिहून ठेवा’. पुढे १९९० मध्ये व्हॅनिला आइस नावाच्या रॅपरने जवळजवळ तीच तान आपल्या गाण्यात घेतली आणि माझ्यात एक सूर जास्त आहे असा खुलासा दिला. ‘एक सूर जास्त आहे’ हे तेव्हापासून कुठल्याही नक्कल केलेल्या गृहपाठाचं समर्थन आहे.

डीकन १९९७ नंतर बँडमधून निवृत्त झाला आणि तेव्हापासून सार्वजनिक जीवनापासून दूर आहे. त्याच्या गप्प राहण्यावर विनोद चालतो. त्याच्या घराबाहेर जाऊन काढलेला फोटो चालत नाही, असा फोटो टाकणाऱ्याला बहुतेक ठिकाणी हाकलून देतात, आणि बरोबरच करतात.

पायरी सहावी: किरकोळ पण रोज लागणाऱ्या गोष्टी

‘फ्राइड चिकन’: १९८५ च्या ‘वन व्हिजन’चा शेवट नीट ऐका. ज्या जागी गाण्याचं नाव यायला हवं तिथे फ्रेडी ‘फ्राइड चिकन’ म्हणतो. स्टुडिओतली मस्करी त्यांनी तशीच ठेवली. कुठलंही गंभीर भाषण या दोन शब्दांनी संपवता येतं.

‘सिंथ नाही’: सुरुवातीच्या अल्बमवर ते अभिमानाने छापायचे की यात सिंथेसायझर (कृत्रिम आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वापरलेला नाही. १९८० च्या ‘द गेम’मध्ये तो आला. त्यामुळे कुणी मोठी प्रतिज्ञा केली की चाहते विचारतात, ‘१९८० पर्यंत का?’

पियानोवरचे पेप्सीचे पेले: १३ जुलै १९८५, वेम्ब्ली, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीची ‘लाइव्ह एड’ मैफल. जेमतेम वीस-एकवीस मिनिटांचा कार्यक्रम, रॉकच्या इतिहासात अजरामर म्हणतात तो. चाहते मात्र पियानोवर कोणता पेला कुठे ठेवलाय यावर बोलतात. चित्रपटातही ते पेले होते आणि त्यांची मांडणी तपासणारे लोक आहेत.

‘एऽ-ओ’: त्याच कार्यक्रमात फ्रेडी एक तान घेतो आणि सत्तर हजार लोक ती परत करतात. उत्तर द्यायचं, बस. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात तर पडद्यावरच्या फ्रेडीलाही स्टेडियमने उत्तर दिलं.

उगारलेली मूठ: १९८६ च्या वेम्ब्लीतली फ्रेडीची एक मुद्रा, पाय फाकलेले, मूठ वर. तिचं रेखाचित्र इंटरनेटच्या जुन्या विनोदी चित्रपट्ट्यांत ‘जिंकलो’ या अर्थाने वापरलं जायचं. ते वापरणाऱ्या कितीतरी मुलांना हा माणूस कोण हे माहीत नव्हतं.

सायकली: १९७८ मध्ये ‘बायसिकल रेस’ आणि ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ एकाच रेकॉर्डवर आली आणि दोन्ही गाण्यांत एकमेकांची जाहिरात आहे. ‘बायसिकल रेस’मध्ये फ्रेडी आपल्याला स्टार वॉर्स आवडत नाही असं गातो. मग दोनेक वर्षांत तो मैफलीत त्याच चित्रपटातल्या डार्थ व्हेडर या खलनायकाच्या वेशातल्या माणसाच्या खांद्यावर बसून आला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची, मथळा लागत नाही.

गाडीतली कॅसेट: ‘गुड ओमेन्स’ या १९९० च्या इंग्रजी विनोदी कादंबरीत असं आहे की गाडीत पंधरवडाभर राहिलेली कुठलीही कॅसेट आपोआप क्वीनच्या निवडक गाण्यांची होते. आपल्याकडच्या ज्या पिढीने एसटीत आणि टॅक्सीत कॅसेटी ऐकल्या तिला यात फार नवल वाटणार नाही.

मांजरं: फ्रेडीने १९८५ चा आपला स्वतंत्र अल्बम जेरी नावाच्या मांजराला अर्पण केला, सोबत टॉम, ऑस्कर, टिफनी आणि विश्वातले समस्त मांजरप्रेमी, बाकीचे गेले खड्ड्यात. दौऱ्यावरून तो मांजरांना फोन करायचा. डिलायला या लाडकीवर १९९१ च्या ‘इन्युएंडो’ अल्बममध्ये गाणं आहे, त्यात ब्रायनने गिटारमधून म्याँव काढलं आहे. रॉजरला ते गाणं अजिबात आवडत नाही. गाडीवर गाणं लिहिणाऱ्याला मांजरावरचं आवडू नये, यावर किती विनोद होऊ शकतात हे सांगायला नको.

पायरी सातवी: बायकांच्या वेशातला व्हिडिओ

१९८४ चा ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’. फ्रेडी मिशीसकट व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय, ब्रायन केसांत कर्लर आणि पायांत सशाच्या सपाता घालून उठतोय, डीकन म्हातारीच्या वेशात पेपर वाचतोय, आणि रॉजर शाळकरी मुलगी. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं चालणाऱ्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेचं हे विडंबन होतं. तिथले लोक पोट धरून हसले. अमेरिकेत मालिका कुणाला माहीत नव्हती, लोक बिचकले, आणि तिथल्या लोकप्रियतेला त्याचा फटका बसला असं ब्रायन सांगत आला आहे.

नवख्यांनी हा व्हिडिओ आधी बघावा. पुरुषाने लुगडं नेसून हसवणं मराठी प्रेक्षकाला नवं नाही, त्यामुळे अमेरिकेपेक्षा आपल्याला तो लवकर कळतो. रॉजर इतका देखणा दिसतो की ‘ती शाळकरी मुलगी कोण?’ हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी खरोखर निरागसपणे विचारतं. उत्तर द्यायची घाई करू नका, आधी दहा जणांना फोन नंबर मागू द्या.

पायरी आठवी: पाचगणी

हा आपला प्रांत, म्हणून जास्त जपून. फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, जन्म १९४६ चा, झांझिबारमधल्या पारशी घरातला. शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच ‘फ्रेडी’ झाला, आणि १९५८ मध्ये मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड काढला. गंमत अशी की त्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता, तो पियानोवर असायचा. त्याला गायक न करणारा जगातला एकमेव बँड पाचगणीचा, हा विनोद मला वाटतं मराठी चाहत्यांनी हक्काने वापरायला हरकत नाही.

पण फ्रेडीच्या कुठल्याही व्हिडिओखाली ‘तो भारतीय होता, पाचगणीत शिकला’ असं लिहिणारा कुणीतरी असतोच, इतका नेमाने की तोच आता विनोद झाला आहे. परदेशी चाहते वाट बघत असतात. लिहायचंच असेल तर हसत लिहा. ‘स्ट्रॉबेरी खाऊन आवाज असा होतो’ असं म्हणालात तर खपून जाईल. झांझिबार विसरून नुसती मालकी सांगितलीत तर टांझानियाचा एखादा चाहता तुम्हाला नीट समज देईल.

पायरी नववी: कुठे हात आखडायचा

दातांवर विनोद करू नका. फ्रेडीला चार दात जास्त होते, शाळेत मुलं त्यावरून ‘बकी’ म्हणून चिडवायची, आणि मोठेपणीही तो हसताना तोंडावर हात धरायचा. बँडने ज्याची थट्टा स्वतः केली ते चालतं, ज्याने त्याला दुखावलं ते चालत नाही, हाच बहुतेक ठिकाणचा अलिखित नियम आहे. आजारपण आणि २४ नोव्हेंबर १९९१ हा मृत्यूचा दिवस याबद्दलही तसंच. त्या तारखेला मीम थांबतात.

फ्रेडीनंतर अमेरिकन गायक अ‍ॅडम लँबर्टसोबत चालू राहिलेल्या बँडला क्वीन म्हणावं का, हा वाद मात्र खुशाल उकरून काढा, पण त्या संध्याकाळी दुसरं काही काम ठेवू नका.

शेवटची पायरी: नवख्यांसाठी लावलेले सापळे

तुम्ही नवे आहात हे कळलं की जुने लोक दोन प्रश्न विचारतात.

पहिला: ‘वुई आर द चॅम्पियन्स’चा शेवट म्हणून दाखव. तुम्ही छाती फुगवून ‘ऑफ द वर्ल्ड’ने संपवणार. १९७७ चं मूळ रेकॉर्डिंग काढून ऐका. ते शब्द मध्ये येतात, पण अगदी शेवटी नाहीत, गाणं तसंच सुटतं. लाइव्ह एडमध्ये फ्रेडीने ते शेवटी म्हटले, त्यामुळे निम्म्या जगाला ते मूळ गाण्यात असल्याची खात्री आहे. हरलात तर वाद घालू नका, सगळेच इथे एकदा हरलेले असतात.

दुसरा प्रश्न निष्पाप चेहऱ्याने येतो: ‘शीअर हार्ट अटॅक’ हे गाणं कोणत्या अल्बमवर आहे? १९७४ मध्ये याच नावाचा अल्बम आहे, तुम्ही तेच सांगणार. रॉजरने ते लिहायला घेतलं तेव्हाच, पण पूर्ण झालं नाही आणि अल्बम गाण्याशिवायच निघाला. गाणं आलं तीन वर्षांनी, १९७७ च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’वर, म्हणजे ज्याच्या मुखपृष्ठावर रक्ताळलेल्या बोटाचा तो मोठा यंत्रमानव आहे त्यावर. १९७४ च्या अल्बमवर ते शोधत बसू नका. आणि पुढचा नवखा आला की हा प्रश्न विचारायची पाळी तुमची.